प्रगतिपुस्तकातला उंची-वजनाचा रकाना : शाळाचालकांना एका डॉक्टरचं खुलं पत्र

प्रति,
डोंबिवलीतल्या आणि आसपासच्या शहरांमधल्या शाळांचे संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि पालक-शिक्षक संघांचे सदस्य

सादर नमस्कार.

मी डोंबिवलीत फॅमिली डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करते. तुमच्या शाळांतली मुलं सर्दी-तापाला, जुलाबाला आणि सहामाहीच्या आदल्या दिवशी हमखास दुखणाऱ्या पोटाला माझ्याकडेच येतात. हे पत्र मात्र अशा दुखण्याबद्दल आहे, ज्यासाठी त्यांना कुणी दवाखान्यात आणतच नाही. ते म्हणजे वाढत चाललेला लठ्ठपणा. पालकांशी मी रोजच बोलते. सरकारला लिहिणारेही पुष्कळ आहेत. तुम्हाला लिहितेय, कारण जूनचं वेळापत्रक कसं असेल, कॅन्टीनचं कंत्राट कुणाला मिळेल आणि मैदान भाड्याने द्यायचं की नाही, हे सगळं तुमच्या टेबलावर ठरतं आणि त्याचा मुलांच्या पोटाच्या घेराशी थेट संबंध आहे.

आधी मानेबद्दल सांगते. आई मुलाचा खोकला दाखवते आणि उठता उठता म्हणते, "डॉक्टर, याच्या मानेवरचा मळ काही केल्या निघत नाही हो. डाळीचं पीठ लावून झालं, लिंबू चोळून झालं, घासायला गेलं की रडतो." शर्टाची कॉलर मागे सारली की मानेच्या वळीत काळसर, हाताला मखमलीसारखा लागणारा जाड पट्टा दिसतो. काखेतही असतो. तो मळ नसतोच. त्याला ॲकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. लठ्ठ मुलात तो दिसला की बहुतेक वेळा समजायचं, शरीरातल्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्यात, म्हणून स्वादुपिंड नेहमीपेक्षा कितीतरी जास्त इन्सुलिन ओततंय आणि ते जादाचं इन्सुलिन कातडीच्या पेशींनाही वाढायला लावतंय. साखर तपासली तर बऱ्याचदा नॉर्मल येते. आईला हायसं वाटतं. मला वाटत नाही, कारण ती साखर नॉर्मल ठेवायला दहा-अकरा वर्षांच्या पोराच्या स्वादुपिंडाला किती राबावं लागतंय ते मला त्या पट्ट्यात दिसत असतं. तोवर वर्गात "आंघोळ करत नाही" म्हणून त्याला चिडवून झालेलं असतं, ते वेगळंच.

अशी सगळी मुलं गोलमटोल असतात असं समजू नका. हातपाय काटकुळे, खांदे अरुंद आणि पोट तेवढं पुढे, हा आपल्याकडचा नेहमीचा नमुना. आजी म्हणते, "कुठे जाड आहे? मनगटं बघा त्याची." आजी मनगट बघते तोवर चरबी पोटात, यकृताभोवती साठत असते. हे कोडं उलगडण्यात मोठा वाटा पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा आहे. 1993 पासून त्यांच्या गटाने पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांमध्ये गरोदर बायकांचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, दंड बारीक, पोटातले अवयव लहान. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास त्या गुबगुबीत इंग्रज बाळांइतकीच. म्हणजे बारीक दिसणारं आपलं बाळ चरबीच्या बाबतीत बारीक नसतंच. याच याज्ञिकांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आजही पालकांना समजावताना मी हाच दाखला देते, आणि तो लगेच पटतो.

आता अशा बाळाची आई खेड्यात अर्धपोटी राहिलेली, आजी त्याहून उपाशी, आणि तेच मूल डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये, घरपोच खाणं आणि हातात मोबाइल अशा जगात वाढणार. टंचाईच्या हिशेबाने घडलेल्या शरीरावर सुबत्ता कोसळते. म्हणून गोऱ्यांसाठी ठरवलेले आकडे आपल्याला लागू पडत नाहीत. तिकडे मोठ्या माणसाचा बीएमआय 25 झाला की जास्त वजन म्हणतात, आपण 23 लाच सावध व्हायचं. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर आणि बाईची 80 ओलांडली, तर वजनकाटा काहीही म्हणो, धोका सुरू झाला. मुलांसाठी मात्र वय आणि उंचीप्रमाणे वेगळे तक्ते असतात. मोठ्यांचे आकडे त्यांना लावू नयेत.

आकडे मोजकेच देते. देशभरच्या मधुमेहाचा आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, केलेला मोठा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 11.4 टक्के प्रौढांना मधुमेह, आणखी 15.3 टक्के त्याच्या उंबरठ्यावर आणि 39.5 टक्क्यांना पोटाचा लठ्ठपणा निघाला. मुलांचं म्हणाल तर 1990 मध्ये भारतात 5 ते 19 वयोगटातली सुमारे 4 लाख मुलं लठ्ठ होती, 2022 मध्ये तीच संख्या सुमारे 1 कोटी 25 लाखांवर गेली. तीन दशकांत माणसांची जनुकं बदलत नसतात. त्यामुळे "आमच्या घराण्यातच आहे" हे मी अर्धंच ऐकून घेते. प्रवृत्ती घराण्यात असेल, पण तिला पोसणारी दिनचर्या नवी आहे.

आणि "उंची वाढली की चरबी जाईल"? बहुतेकांची जात नाही. सातवी-आठवीच्या मुलाची पोटदुखीसाठी सोनोग्राफी करावी आणि रिपोर्टमध्ये 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' असं बारीक अक्षरात निघावं, हे आता नवलाचं राहिलेलं नाही. दारूचा थेंबही न शिवलेल्या पोराच्या यकृतात चरबी! काहींमध्ये पुढे तिथे सूज येते आणि नंतर यकृत निबर व्हायला लागतं. मुलींची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर केस येतात, आणि बीजकोशांच्या या बिघाडाचं 'पीसीओडी' हे नाव दहावीच्या मुलींच्या तोंडी असतो. मुलगा रात्री घोरतो, झोपेत श्वास अडखळतो, म्हणून सकाळी वर्गात पेंगतो. बाई वहीत शेरा मारतात, 'लक्ष नसते'. गुडघे दुखतात. बीपी वाढलेलं असतं, पण मुलांचं बीपी तपासतो कोण? भारतीय माणसाला मधुमेह पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो, आणि ज्याला तो किशोरवयात गाठतो त्याचे मूत्रपिंड, डोळे आणि हृदय यांचे प्रश्नही लवकर उभे राहतात. ज्या वयात घराचे हप्ते सुरू होतात त्या वयात त्याच्या घरी डायलिसिसची चौकशी चाललेली असू शकते.

हे सगळं आईच्या डोक्यावर मारणं सोपं आहे. "आई नोकरी करते ना, मग घरचं कोण करणार!" हे वाक्य मी शिक्षक-खोलीतही ऐकलंय आणि मला त्याची चीड येते. सकाळच्या फास्ट लोकलला लोंबकळत जाऊन संध्याकाळी पोळीभाजी केंद्रावरून घडीच्या पोळ्या घेऊन येणाऱ्या बाईने मुलाचं शरीर बिघडवलेलं नाही. त्या मुलाचा दिवसच पाहा. सकाळी सहाला उठवून दुधात माल्टची पावडर. तिला 'आरोग्यदायी पेय' म्हणून विकू नका, असं केंद्र सरकारला एप्रिल 2024 मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना बजावावं लागलं होतं. सोबत चार बिस्किटं. सातला व्हॅन. मधल्या सुट्टीत डबा, आणि दोन घास शिल्लक ठेवून कॅन्टीनचा समोसा. दीडला घर, जेवण, मोबाइल. चारला क्लास, वाटेत पाच रुपयांचं पाकीट. साडेसहाला दुसरा क्लास. आई-बाबा येईपर्यंत दोन मिनिटांत होणाऱ्या नूडल्स. रात्री साडेनऊला, टीव्हीसमोर, खरं जेवण. झोपायला साडेअकरा. चोवीस तासांत हे पोर धावलं कधी? झोपलं किती? झोप कमी झाली की भूक वाढते आणि नेमकी गोडाधोडाची वाढते, हे प्रयोगांत दिसून आलेलं आहे.

पाकिटांतल्या खाण्याबद्दलचा एक प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत केव्हिन हॉल या संशोधकाने 2019 मध्ये वीस माणसांना संशोधन संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त, म्हणजे कारखान्यात तयार झालेलं, अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. दोन्हीकडे वाढलेल्या ताटात उष्मांक, साखर, मीठ, चरबी, तंतू सारखे, आणि हवं तेवढं खा ही मुभा. पाकिटबंद वळणाचं खाणं होतं तेव्हा माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन बसली आणि वजन जवळपास एक किलोने वाढलं. मोठ्यांचा निश्चय तिथे टिकला नाही. चौथीतल्या पोराला "कंट्रोल ठेव" म्हणून काय होणार?

आमच्या वेळचं सगळं चांगलं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. वडापाव, साबुदाणा वडा, फरसाण आणि उपासाच्या दिवशीचं दुप्पट खाणं आपलंच आहे. फरक इतकाच, की पूर्वी ते कधीमधी होतं आणि त्यानंतर अंधार पडेपर्यंत लगोरी चालायची. आता फळवाल्याकडचं एक सफरचंद पाच पाकिटांच्या किमतीत पडतं. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर बदलले, तेव्हा फसफसणाऱ्या पेयांवर 40 टक्के लागला हे बरं झालं, पण बिस्किटं, चॉकलेट, नूडल्स, फरसाण 5 टक्क्यांवर आली. ते माझ्या-तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात काय आहे, तेवढंच बोलते.

कॅन्टीनपासून सुरुवात करू. नियम नाही असं कृपया म्हणू नका. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने मे 2017 मध्येच शासन निर्णय काढून जास्त मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ शाळांच्या उपाहारगृहांत विकायला मनाई केलेली आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या विनियमांनुसार असे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत, आणि त्यांची जाहिरातही करता येत नाही. तरीही एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला मला पाहुणी म्हणून बोलावलं, तेव्हा व्यासपीठामागच्या फलकावर वेफर्सच्या पाकिटाचं चित्र शाळेच्या बोधचिन्हापेक्षा मोठं होतं. मला भाषणाचा विषय दिला होता 'संतुलित आहार'. आता सीबीएसईने 2025 मध्ये आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलंय, म्हणजे कोणत्या पदार्थात किती साखर ते दाखवणारा फलक. चांगलं आहे. पण एका भिंतीवर फलक आणि समोरच्या भिंतीला लागून शीतपेयांचा फ्रीज असेल, तर मुलं फ्रीजच वाचतात. पाव लिटरच्या कोलात पाच-सहा चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसालाही दिवसभरात शक्यतो तेवढीच बास.

कंत्राटदार म्हणतो, पोहे-उपमा कुणी घेत नाही. घेतात, फक्त ते गरम हवेत आणि शेजारी क्रीम रोल नको. भाजलेले दाणे, उकडलेले हरभरे, केळं, ताक, थालीपीठ, अंडं चालत असेल तिथे अंडं. यात शोध लावण्यासारखं काही नाही. कंत्राटाचं भाडं थोडं कमी येईल, हे मला ठाऊक आहे. ते सोसा.

मग पीटीचा तास. आठवड्यातून दोन, आणि त्यातला एक 'गणिताचा पोर्शन राहिलाय' म्हणून बाईंनी मागून घेतलेला. दहावीला तर तो कागदावरच. मुलांना रोज किमान तासभर दमछाक होईल असं खेळायला हवं, ही जागतिक शिफारस आहे. तुमच्याकडून तासाची अपेक्षा नाही, पण रोज अर्धा तास मैदान मोकळं ठेवा आणि तो तास कुणालाही उसना द्यायचा नाही असा कार्यालयीन आदेश काढा. क्रीडाशिक्षकाला निवडणुकीची, शिष्यवृत्तीची, फोटोकॉपीची कामं देणं थांबवा. आणि त्याला सांगा, की संघात निवडलेली बारा मुलं खेळतात आणि उरलेली चाळीस कडेला बसून टाळ्या वाजवतात, त्याला पीटी म्हणत नाहीत. सगळ्यात कडेला कोण बसतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. मैदान लग्नाला आणि सेलला देणाऱ्या संस्था आहेत. मंडपाचे खड्डे महिना-महिना बुजत नाहीत, आणि मग पोरं पडतात म्हणून खेळ बंद.

आणि आता तो रकाना. तुमच्या प्रगतिपुस्तकात शेवटच्या पानावर उंची आणि वजन असे दोन रकाने असतात, पहिल्या आणि दुसऱ्या सत्राचे. मी मुलांची प्रगतिपुस्तकं मुद्दाम मागून बघते. एकाची उंची सहा महिन्यांत दोन सेंटिमीटरने कमी झाली होती. एका वर्गात ओळीने सगळ्यांचं वजन तीसच्या जवळपास होतं, म्हणजे बाईंनी बसल्या जागी भरलेलं. दोष बाईंचा नाही, वजनकाटा कुठे आहे ते त्यांनाही माहीत नव्हतं. पण हा रकाना इतकी वर्षं छापला जातोय आणि तो नीट भरला, तर डॉक्टरच्या आधी शाळेला कळेल की मूल वाढीच्या रेषेवरून सुटतंय. वर्षातून दोनदा, अनवाणी, गणवेशावर, एकाच काट्यावर मोजा. काटा हजार-दोन हजारात येतो. कंबरेसाठी टेपही नको. मुलाच्या उंचीएवढी नाडी कापा, मधोमध दुमडा. दुमडलेली नाडी बेंबीजवळून कंबरेभोवती पोहोचली पाहिजे. नाही पोहोचली तर पालकांना बंद पाकिटातून दोन ओळींची चिठ्ठी पाठवा : डॉक्टरांना दाखवून घ्यावे.

बंद पाकीट म्हणतेय ते मुद्दाम. आकडे वर्गात मोठ्याने वाचू नका. मुलाकडे मोकळी चिठ्ठी देऊ नका, ती व्हॅनमध्ये वाचली जाते. जाड मुलांची वेगळी रांग लावून त्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावू नका. मी हे पाहिलंय, आणि त्यातली एक मुलगी नंतर डबा स्वच्छतागृहात ओतून देत होती. 'ढब्बू', 'ढोल्या', 'टुणटुण' ही नावं शिक्षकांच्या तोंडून आली की ती शाळा सुटेपर्यंत चिकटतात. नाटकात भीम आणि कुंभकर्ण दरवर्षी त्याच मुलाला देऊ नका. चिडवल्याने कुणाचं वजन उतरत नाही. लाज वाटलेलं मूल खेळायला यायचं सोडतं आणि लपून खातं. कॅन्टीन आणि मैदान बदलायला सांगतेय, तेही त्याचसाठी. तो बदल सगळ्यांसाठी असतो, त्यात कुणाकडे बोट दाखवावं लागत नाही.

एक सावधगिरीही सांगून ठेवते. याच महाराष्ट्रात पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने 2019-21 मध्ये नोंदवलंय. तुमच्याच वर्गात एका बाकावर पोट सुटलेलं मूल असेल आणि शेजारी उपाशी आलेलं. तेव्हा 'कमी खा'ची मोहीम कृपया काढू नका. वाढत्या मुलांना डाएटवर घालायचं नसतं. डाळ, उसळ, अंडी, दूध वाढवायचं आणि पाकीट-पेय काढायचं, एवढं दोघांनाही लागू पडतं. त्यांच्या आईवडिलांच्या व्हॉट्सॲपवर सध्या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा जोरात आहे. ती औषधं खरी आहेत, काही रुग्णांना फार उपयोगी आहेत, पण नववीतल्या मुलाचा समोसा आणि पीटीचा तास यावरचा इलाज ती नव्हेत.

वाढदिवसाला वर्गात चॉकलेटं वाटायची पद्धत बंद करून पेन्सिल किंवा वाचनालयाला एक पुस्तक, असं काही शाळांनी सुरू केलंय. गृहपाठाचं बक्षीस म्हणून गोळी देणं थांबवायला तर बैठकीचीही गरज नाही.

एप्रिलमध्ये तुमच्या शाळा समितीची बैठक होईल तेव्हा कॅन्टीनच्या कंत्राटात काय विकायचं नाही याची यादी जोडा, पीटीचे तास आधी मांडून मग बाकीचे विषय बसवा, आणि एक वजनकाटा खरेदी करा. पालकसभेत पालकांशी बोलायला मला बोलावलंत तर येईन. शनिवारी दुपारी दवाखाना बंद असतो. मानधन नको.

आपली,
एक फॅमिली डॉक्टर, डोंबिवली